डावी सीट

"शेठ, काय बसाडू? लायनर का डिस्क?" सुपडू मिस्तरीनं रुपचंदला विचारलं आणि शेठच्या आधी त्याच्या बायकोनं, तारादेवीनं बाकाकडे पाहिलं.

धुळ्याच्या गॅरेजात रुपचंदची दोन सीटची उघडी स्पोर्ट कार जॅकवर उभी होती. बाकावर एकीकडे कडक जातीचे ब्रेक-लायनर, दुसरीकडे मुंबईच्या भंगारबाजारातून आणलेली डिस्कची जोडी. गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर दर रविवारी हौशी मंडळी गाड्या पळवायची. बाकीचे नव्या मारुत्या आणायचे. रुपचंदचा थाट वेगळा. पण थोड्या फेऱ्या झाल्या की त्याचे ब्रेक तापायचे आणि पेडल नुसतंच खाली जायचं.

तारादेवीला हे कुणी सांगायला नको होतं. ती त्याच गाडीत शेजारी असायची. लग्न झाल्यापासून दर रविवारी सासूबाई तिला डावीकडच्या सीटवर बसवून देत. "तू शेजारी असलीस की पोरगा जपून चालवेल." पोरगा कसला जपतोय! बायको बघतेय म्हटल्यावर त्याला आणखीच चेव यायचा. वळणावरचं डांबराचं पिंप अंगावर आलं की तारादेवी उजवा पाय खाली गच्च दाबून धरायची. तिथं ब्रेक नव्हता, तरी दाबायची. त्या जागचं रबर झिजून भोक पडलं होतं. एकदा तिनं डोकं दुखतंय म्हणून पाहिलं. सासूबाईंनी बाम चोळला आणि गाडीत बसवलं. घरात बोलायची सोय नव्हती, आणि गाडीत बोललेलं ऐकू जात नव्हतं. तिला त्या सीटवरून उतरायचं होतं, बस.

मागे ब्रेक बदलले तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. पण ब्रेक सुधारले तसा रुपचंद पिंपाच्या आणखी जवळ जाऊन ब्रेक मारू लागला.

"डिस्कच बसव," रुपचंद म्हणाला. तारादेवीच्याही मनात तेच होतं. माणूस धड घरी यायला हवा. "आणि स्टेपनी काढ, मागचा बंपर काढ. वजन घटलं की ब्रेक कमी तापतात. किलोकिलोचा फरक पडतो."

तारादेवीनं पदर सारखा केला. परक्या माणसासमोर ती सहसा बोलत नसे.

"अहो, मग ही सीट? आणि तिच्यावर माझं वजन?"

 रुपचंदनं मांडीवर थाप मारली. "अगं, हे मला कसं सुचलं नाही! सुपडू, डावी सीट काढ."

"कायमनी काढी टाकू?"

"कायमची," तारादेवीच म्हणाली.

सीटच नाही म्हटल्यावर सासूबाई सुनेला बसवणार तरी कुठं? बोल्ट गंजलेले होते, वेळ लागला. सुपडूनं सीट उचलून लिंबाच्या सावलीत ठेवली. तेवढ्यात चहा आला. तारादेवी कप घेऊन त्याच सीटवर जाऊन बसली, आणि पहिल्यांदाच मांडी घालून बसली.