रिकाम्या हुकाचं वजन

हूक रिकामा होता, तरी क्रेनच्या केबिनमधलं मीटर एका माणसाएवढं वजन दाखवत होतं. मेकॅनिकने सेन्सर बदलला, वायरी तपासल्या, तेलाचा दाब पाहिला. सगळं ठणठणीत होतं.

"भूतबीत बसलंय की काय हुकावर?" खालून मॅनेजर हसला.

मेकॅनिकला हसू आलं नाही. त्याचा थोरला भाऊ याच हुकावरून पडून गेला होता. हुकाला लटकून वर जायला मॅनेजरनेच सांगितलं होतं, आणि नंतर खापरही मेलेल्याच्याच माथी फोडलं होतं.

मेकॅनिकने हूक सावकाश खाली घेतला. जमीन वीतभर राहिली, तोच मीटर शून्यावर आलं आणि हूक हलकेच झुलला.

हुकाखालच्या रिकाम्या जागेवर नजर खिळवून मॅनेजर मागे सरकू लागला.

"अरे, थांबव त्याला!"

"कुणाला, साहेब?" मेकॅनिकने विचारलं.