दारावरचा ओरखडा

“आई, रंग निघेल हं!” सून रेणुका ओरडेपर्यंत हेमलताबाईंनी भिजवलेला पॉलिश पेपर गाडीच्या दारावर घासलासुद्धा.

गाडी शिकताना त्यांनीच ते दार फाटकाला घासलं होतं. तेव्हापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. बाकीचे ओरखडे सकाळीच पॉलिशच्या मशीनने निघाले. हा खोल ओरखडा मात्र हटत नव्हता.

घासलेली जागा पांढुरकी झाली. तरी नेटाने त्यांनी पॉलिश लावून मशीन फिरवलं, फडक्याने पुसलं आणि दार लख्ख चमकलं!

“गेला! अगं, गेला!” त्या उड्याच मारायला लागल्या. “चावी आण. चल, फिरून येऊ!”

“आणि पुन्हा ओरखडा पडला तर?” रेणुकाने हसत विचारलं.

“पडू दे की! आता काढता येतो मला.”