पोशेऱ्याच्या वाटेवर

मडमला एक झोपडी आतून बघायची होती.

सकाळपासून राजवाडा झाला, दरीचं टोक झालं, दरबारच्या हुकमावरून भर उन्हात तारप्याचा नाचही झाला. नाचणारे भाताची कापणी अर्धी टाकून आले होते. त्यांचे पाय जड पडत होते. चैतीचेही आता तसेच पडत होते. मडमचं जहाज मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला अडकलं होतं, आणि तेवढ्यात तिला हिंदुस्थान बघून घ्यायचा होता. तिच्या नवऱ्याची जव्हार दरबारात ओळख होती, म्हणून ती इथं आली. चैती तिची आया. मडमची मुलं तिनं एडनला वाढवली, कोलंबोला वाढवली. आता प्रत्येक बंदर तिला सारखंच वाटे. उतरायचं, मागे मागे हिंडायचं, पुन्हा चढायचं.

आपण याच मुलखातल्या, हे तिनं मडमला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं तिच्यापाशी फारसं नव्हतंच. मोठ्या दुष्काळात जव्हारच्या बाजारात मिशनची बैलगाडी उभी होती. आईनं तिला उचलून गाडीत बसवलं. शेजारच्या फागीला तिच्या आईनं बसवलं. ‘तिकडं जेवान हाय,’ एवढंच दोघी बोलल्या. चैती तेव्हा फार लहान होती. पाड्याचं नावही तिला आठवत नव्हतं. पोशेऱ्याच्या वाटेवर कुठेतरी, एवढंच.

टांगा थांबला तो त्याच वाटेवर. दरबारच्या कारकुनानं पहिली दिसेल ती झोपडी दाखवली. मडम वाकून आत शिरली, कारकून तिच्यामागे. दारात एक म्हातारी नागली पाखडत बसली होती. पाहुणे तिच्या घरात शिरले तरी तिनं हात थांबवला नाही. चैतीकडे मात्र ती बघत राहिली.

‘कोन गं तू? तोंडावरून तं आमच्यातलीच दिसतेस.’

‘इथलीच होते. दुष्काळात गाडीतनं नेलं.’

सूप थांबलं. म्हातारी उठून जवळ आली. ‘फागी?’

त्या नावावरून चैतीनं तिला ओळखलं. फागीची आई. फागी तर पहिल्याच पावसाळ्यात तापानं गेली होती, मिशनच्या ओसरीवर, चैतीच्या शेजारच्या चटईवर. इकडे कुणी कळवलं नव्हतं, हे म्हातारीच्या डोळ्यांतच दिसत होतं. दिवसभर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगून चैतीची जीभ जड झाली होती. आता हेही आपणच सांगायचं? तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

‘हां,’ ती म्हणाली. ‘मी फागी.’

म्हातारीनं दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं. रडली नाही. लगबगीनं आत जाऊन मडमच्या बाजूनं वाट काढत तिनं वाडगाभर आंबील आणली. चैतीनं ती उभ्याउभ्याच प्यायली.

‘आनि चैतीची आय?’ तिनं हळूच विचारलं.

‘ती गेली. लई दिस झाले. मरेपर्यंत या वाटेकडं तोंड करून निजायची.’

चैतीनं वाडगा खाली ठेवला. तेवढ्यात मडम बाहेर आली. झोपडी तिला फार आवडली होती. ती टांग्यात जाऊन बसली, आणि कारकुनानं हाक मारली, ‘चैतीबाई, चला! उजेड आहे तोवर जव्हार गाठायचंय.’

म्हातारीनं मान वर केली. ‘चैती?’

आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. ‘फागी तिकडंच गेली, मावशी,’ चैती म्हणाली. ‘तापानं. लहानपनीच. मी खोटं बोलले.’

म्हातारी मटकन खाली बसली. चैती वळली आणि टांग्याकडे चालू लागली. तिनं पायरीवर पाय ठेवला. मडम सरकून बसली, तिला जागा करून दिली.

मागून कुणीतरी तिचं मनगट धरलं.

‘कुठं निघालीस?’ म्हातारीला धाप लागली होती.

‘मी तुझी नाय, मावशी. माझी आय तर गेली.’

‘तुमची गाडी दिसंनाशी झाली,’ म्हातारी म्हणाली, ‘तवा तुझी आय आनि मी तिथंच धुळीत बसलो. तवाच बोलून ठेवलं आमी. जी परत येल, ती दोघींची.’

चैतीनं पायरीवरचा पाय खाली घेतला.