पेरूचा काटा

२०१९ साली, इंदापूरजवळच्या एका वाडीत, भानुदासनं पेरू तोलायच्या काट्यातल्या स्प्रिंगचा तुटका तुकडा कापला आणि उरलेली पुन्हा बसवली. "बघ तुळसा, आखूड झाली, पर कशी ताठ हाय! सहजी ताणत न्हाय."

त्याच काट्याला झोळी अडकवून तुळसा तान्ह्या नातीचं वजन करायची. ते नेहमी कमीच भरायचं. "अंगावर दूधच न्हाय तुझ्या," ती सुनेला ऐकवायची. शेवटी प्रियदर्शनी लेकीला घेऊन बारामतीला माहेरी निघून गेली.

पुढच्या बाजारी एक गिऱ्हाईक हसलं. "मावशी, तुमचा काटा लई दिलदार. किलोला दीड किलो पेरू देताय की!"



भानुदासनं काटा भंगारात घातला. प्रियदर्शनी परतली नाही. नात आता पहिलीत आहे. आजीला ती फक्त फोटोत ओळखते.