टाकीतला उजेड

“बाईंना पोटदुखी झाली असेल तर औषध आमच्या विद्यापीठात मिळतं,” सरदार म्हणाला, आणि सभागृहातली त्याची माणसं खो-खो हसली.

पडद्यावर आलेख होता. डोंगराच्या पोटात द्रवाने भरलेली मोठी टाकी होती, आणि तिच्यात उजेडाची बारीकशी चमक पुन्हा पुन्हा उठली होती. ज्या कणाच्या शोधात कुठकुठल्या देशांतली विद्यापीठं एकत्र आली, तो सापडला, असं सरदाराच्या गटाचं म्हणणं होतं.

“चमक दिसली हे खरं. ती कणाचीच कशावरून?” बाईंनी विचारलं.

“तुमच्या शंका फिटेपर्यंत थांबलो असतो, तर टाकी गंजून गेली असती.”

सरदार हे नाव त्याच्याच विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. टाकीची कल्पना मुळात बाईंची. पण त्याच्या विद्यापीठाने खर्चाचा सिंहाचा वाटा उचलला आणि आल्या आल्या त्याने बाईंची प्रमुखपदावरून उचलबांगडी केली. त्यांच्या गटाला तळघरात, पंपांच्या शेजारी जागा दिली. तिथे साधं बोलायचं तरी ओरडावं लागे. बाईंनी तेव्हापासून त्याच्यावर दात धरला होता.

आता तो आयता हातात सापडला होता.

अशा प्रयोगांत कधीकधी मुद्दाम खोटी चमक पेरतात. लोक डोळे उघडे ठेवून काम करतात की नाही, हे कळावं म्हणून. कोणत्या आठवड्यात पेरायची, हे संचालक आणि बाई या दोघांनीच ठरवलं होतं. शोधनिबंध छापायला पाठवण्याच्या सभेपर्यंत एकमेकांपाशीही त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असंही ठरलं होतं. सरदाराची चमक नेमकी त्याच आठवड्यातली होती.

“एवढी खात्री आहे तर निबंध पाठवायच्या सभेला पत्रकारांना बोलवा की,” बाई म्हणाल्या. “का, धीर होत नाही?”

“बोलावतो. तुम्ही पुढच्या रांगेत बसा.”

बाई तळघरात आल्या आणि त्यांनी धाकटीला बोलावलं. ही त्यांची सगळ्यांत लहान विद्यार्थिनी.

“निबंधावरून आपल्या गटाची नावं काढून टाक. माझं, तुझं, सगळ्यांची.”

धाकटीला वाटलं, पंपांमुळे आपण चुकीचं ऐकलं. बाईंनी पुन्हा सांगितलं.

“बाई, ती चमक ओळखायची रीत माझी आहे. माझी उमेदीची वर्षं गेली त्यात. नाव नसेल तर मला दारात तरी कोण उभं करील?”

“सांगते तेवढं कर.”

“एकदा काढलेलं नाव परत घालता येत नाही. सरदारांचाच नियम आहे.”

“म्हणून तर आजच काढायचं.”

“कारण तरी सांगा.”

“उद्या तूच माझे पाय धरशील.”

धाकटी आणखी काहीतरी बोलली. पंपांच्या आवाजात ते विरून गेलं, आणि बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

सभेला पाय ठेवायला जागा नव्हती. कॅमेरे रोखलेले होते. सरदाराने आपलं भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या आणि जाता जाता तळघरातल्या ‘नाव लावायलाही घाबरणाऱ्या’ मंडळींना चिमटा काढला. बाई पुढच्याच रांगेत होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग संचालक उठले.

“पाठवण्याआधी एक गोष्ट उघड करणं माझं काम आहे. टाकीत खोटी चमक पेरायचं आम्ही ठरवलं होतं. ही चमक दिसली त्याच आठवड्यात. बाईंना ठाऊक आहे.”

सरदाराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो बाईंकडे बघत राहिला. बाईंनीही नजर हलवली नाही; कितीतरी दिवसांनी त्या मनापासून हसल्या. मागच्या रांगेत धाकटीने तोंडावर हात धरला. तिला आत्ता कुठे उलगडा झाला होता.

“पण ऐन वेळी पेरायचं यंत्रच बिघडलं,” संचालक म्हणाले, “आणि आम्ही काहीच पेरलं नाही.”