दोन टाळ्या

जो आज्ञा देतो, त्याच्या शिरावर ती पाळणाऱ्याचे प्राणही असतात.

२००६ साली वळ गावच्या एका गोदामात मृणालीताई हमालांना इंग्रजी शिकवीत. अर्थ सांगायचा नाही. दोन टाळ्या वाजवून आज्ञा द्यायची आणि ती अंगाने पाळून घ्यायची, ही त्यांची रीत. ‘पुट इट डाऊन’ हे शब्द कानी पडताच किशन हातातले खोके विचार न करता खाली ठेवी. वर्गात तोच सर्वांच्या पुढे, म्हणून मालकांनी त्याला मुकादम नेमले.

त्याच संध्याकाळी जुना मुकादम प्रितेश कोयता घेऊन वर्गात शिरला.

“दोन अक्षरं इंग्रजी शिकून माजी जागा घेतोस काय रं?”

“मी न्हाय मांगली, दादा!” म्हणेपर्यंत किशनच्या खांद्यातून रक्त उसळले. झटापटीत त्याने कोयता हिसकावला आणि प्रितेशच्या मस्तकावर उगारला. आता हा खून करणार, या भयाने मृणालीताईंनी दोन टाळ्या वाजवल्या आणि त्या ओरडल्या, “पुट इट डाऊन!”

किशनने तत्क्षणी कोयता खाली ठेवला.

 

वर्गात कधीही न बसलेल्या प्रितेशने तो उचलला.

किशनच्या आत्म्याला शांती लाभो, आणि टाळ्या वाजवणाऱ्या त्या हातांनाही.