वस्तीतला एकुलता एक फ्रिज

लस देणारं ड्रोन शेवंताच्या दारात येऊन थांबलं, तेव्हा फ्रिज अजून गल्लीतच होता. शेजारची गोदाक्का आणि तिच्या सुना तो उचलून आणत होत्या. मुलगी बघायला पाहुणे येणार असले की शेजारचा सोफा आणतात, तसा.

"घरात फ्रिज नसेल, तर मूल जगण्याची शक्यता कमी असते," ड्रोन म्हणालं. "लस वाया घालवता येत नाही."

"फ्रिज आहे की. जरा फिरायला गेला होता," शेवंता म्हणाली. कडेवर तिची चिमी होती. पलीकडच्या गल्लीत गोवरानं दोन पोरं गेली होती.

फ्रिज आत आला. त्यात गोदाक्काच्या चपला होत्या.

ड्रोननं त्याला न्याहाळलं. "हाच फ्रिज मागच्या सगळ्या घरांत होता."

"एकत्र कुटुंब आहे आमचं," गोदाक्का घाम पुसत म्हणाली. "अख्खी वस्ती म्हणजे एकच घर. ही गल्ली आमचा हॉल."

ड्रोन बराच वेळ घुमत राहिलं. "म्हणजे घर फारच मोठं आहे. कुटुंब श्रीमंत. मुलं किती?"

शेवंतानं गल्लीत तोंड काढून हाक दिली, "फ्रिज राहू दे गं आता. पोरं आणा."